सात नंबरचा बिल्ला

आधी माफी मागतो. इथं लिहिणाऱ्यांचा हात सरावलेला असतो, आणि मी आजवर लॅबचं जर्नल आणि परीक्षेचे पेपर सोडून काहीच लिहिलेलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमचं घर कन्नड तालुक्यातलं, बौद्ध. बावीस प्रतिज्ञा दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर. दुखलं-खुपलं तर दवाखाना, अंगारा नाही, हे वडिलांनी शाळेच्याही आधी शिकवलं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणूनच हे अजून वडिलांना सांगायचं धाडस झालेलं नाही...

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला सहा महिन्यांची इंटर्नशिप असते. मला ती चितेगावच्या एका कारखान्यात मिळाली (नाव लिहीत नाही). तिथं उपनगरी गाड्यांच्या डब्यांना दारं-खिडक्या बसवून त्यांची तपासणी होते. चाकं नाहीत, सीट नाहीत, पंखे नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर ठेवलेला नुसता रिकामा डबा.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पाऊस चाचणी. दारं बाहेरच्या पेटीतून लॉक करायची आणि चारी बाजूंनी पंपाने पाणी मारायचं. एक माणूस आत थांबतो. त्याला सगळे 'आतला' म्हणतात. आधी तो जुन्या खुणा फडक्याने पुसून काढतो, मग जिथं थेंब दिसेल तिथं खडूने गोल करतो. डब्यात तेव्हा आतून दार उघडायचं हँडल नसतं, ते सगळ्यात शेवटी बसवतात. म्हणून एक पद्धत आहे. आत जाताना आपला पितळी बिल्ला पंपाजवळच्या खिळ्याला अडकवायचा. बिल्ला दिसतोय तोवर शेड सोडायची नाही. पंप बंद झाला की बाहेरच्याने पत्र्यावर दोनदा ठोकायचं, आतल्याने दोनदा उत्तर द्यायचं, मग दार उघडायचं.

हे मला साळवे मामांनी शिकवलं. तेवीस वर्षं तेच आतले. बिल्ला नंबर सात. मामांच्या गोलाला नेहमी एक शेपूट असायचं.

"मामा, हे शेपूट कशाला?"

"पाणी कुठं चाललंय ते दाखवाया. थेंब दिसला की तुम्ही इंजिनेर लोक तिथंच फोटो काढत बसता. थेंबाला काय बघायचं? तो कुठं निघालाय ते बघ."

मला ते इंजिनेरच म्हणायचे. थट्टेने, पण मला आवडायचं. आमच्या घराण्यात तोवर कुणी कुणाला तसं म्हटलं नव्हतं.

फेब्रुवारीत मामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुकुंदवाडीला स्टेशनजवळ घर आहे, तिथं पडून होते. आतल्याचं काम माझ्याकडे आलं. इंटर्नला बिल्ला मिळत नाही, असं टाइम ऑफिसने सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, "साळवेचा घे की. तो कुठं येतोय आता." मला ते बोलणं बरं वाटलं नाही... पण बिल्ला घेतला.

मे महिन्यातला शनिवार. शनिवारी दुसरी पाळी नसते, साडेतीनला कारखाना बंद. शेवटची चाचणी अडीचला लागली. मी मोबाईल लॉकरमध्ये ठेवला, बिल्ला खिळ्याला लावला. पंपावर रफिकभाई होते. "जा बाबू, फुकट में नहाके आ," म्हणाले आणि दार लॉक केलं.

पाणी सुरू झालं. पत्र्यावर असा आवाज होतो की स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. मी दोन गळत्या शोधल्या, दोन गोल केले. वीस मिनिटांची चाचणी, पण पंप चालूच राहिला. नंतर बंद झाला. मी उत्तराला हात वर करून उभा राहिलो.

ठोकलंच नाही.

मीच ठोकलं. ओरडलो. लांब कुठंतरी शेडचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

काय झालं ते मागून कळलं. रफिकभाईंना घरून फोन आला, मुलगी पडली म्हणून. ते घाईत शेजारच्या शेडमधल्या गव्हाणेला सांगून निघाले, "पंप बंद कर देना." आत माणूस आहे हे सांगायचं राहिलं. पण ते सांगायलाच तर बिल्ला असतो! गव्हाणेने बिल्ला पाहिलाही. सात नंबर. म्हणजे साळवेचा. साळवे तर घरी पडलेला. जुनाच राहिला असेल लटकत, असं समजून तो गेला.

आता सोमवारी सकाळी सातपर्यंत कुणी येणार नव्हतं. मे महिना, पत्र्याची शेड, आणि त्यात हवाबंद केलेला डबा. काचा कडक, फुटत नाहीत. खांद्याने, बुटाने, सगळं करून पाहिलं. अर्ध्या तासात शर्ट पिळून काढण्यासारखा झाला. मी खाली बसलो. श्वास मोजत होतो, आणि मोजू नये असं वाटत होतं. आई मला रविवारी दुपारी फोन करते. मी उचलला नाही तर तिला वाटेल, पोरगं अभ्यास करतंय... एवढंच डोक्यात फिरत होतं.

मान वर केली तर समोरच्या पॅनेलवर गोल होता.

तो मी केलेला नव्हता. माझे दोन गोल डब्याच्या दुसऱ्या टोकाला होते. हे पॅनेल मी स्वतः पुसलं होतं. याला शेपूट होतं, दाराच्या दिशेने. पंप बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी गोलाच्या मधोमध एक थेंब आला.

मी डोळे पुसले. दाराच्या चौकटीवर दुसरा गोल, शेपूट खाली. त्याच्या खाली तिसरा. मघाशी ते होते का? खरं सांगतो, मला माहीत नाही. काढताना कुणी दिसलं नाही. भीती वाटायला हवी होती, पण मला नुसतं शेपटामागे जावंसं वाटलं. शेवटचा गोल जमिनीलगत, एका लहान पट्टीच्या स्क्रूभोवती होता. त्याला शेपूट नव्हतं.

माझ्या खिशात स्टीलची फूटपट्टी होती. तिच्या कोपऱ्याने स्क्रू फिरवला. फूटपट्टी चार वेळा निसटली. पट्टी निघाली. आत तारेचं वेटोळं होतं. जे हँडल नंतर बसणार, त्याची ती तार. दोन्ही हातांनी ओढली. खट्ट झालं आणि दार वीतभर सरकलं. तिथूनच अंग घासत मी बाहेर पडलो.

शटर बडवलं तेव्हा वॉचमन आला. मला बघून म्हणाला, "आरं, तू कुठून उगवलास?" घड्याळात पावणेपाच वाजले होते. खिळ्याला सात नंबर तसाच लटकलेला.

सोमवारी सुपरवायझरनी सगळं ऐकून घेतलं. "खडू कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग झालं तर. उन्हानं डोकं फिरलं होतं, तूच काढले. आणि हे बाहेर बोलू नको, उगा लफडं नको."

असेलही तसं. मी नवा खडू घेऊन गेलो होतो, बाहेर आलो तेव्हा तो अर्धा होता. दोन गोलांना अर्धा खडू लागत नाही, हे मलाही कळतं. जुन्या खुणा ओल धरून वर आल्या म्हणावं, तर ती पॅनेल गुरुवारीच बसवलेली आणि मामा फेब्रुवारीपासून घरी. त्या पट्टीखाली तार असते हे मला कुणी सांगितलेलं आठवत नाही. मामांनी कधी बोलता बोलता सांगितलं असेल आणि मी विसरलो असेन... रोज रात्री मी तसं आठवून बघतो. आठवत नाही.

पुढच्या रविवारी मुकुंदवाडीला गेलो, बिल्ला परत द्यायला. मामा छताकडे बघत पडलेले. मामींनी चहा दिला. मी हळूच विचारलं, "मागच्या शनिवारी दुपारी मामा कसे होते?"

"कसे असणार बाबा. झोपून होते. का रं?"

"नाही, सहजच."

त्यांना कशाला घोर, म्हणून डब्याचं काहीच बोललो नाही. कारखान्यातून दुसरं कुणी त्यांच्याकडे गेलेलं नव्हतं, हे मी नंतर विचारून खात्री केली. मामांच्या डाव्या हातात बिल्ला ठेवला, तर त्यांनी तो मुठीत धरला. तेवढंच. मी घरी आलो. जूनमध्ये इंटर्नशिप संपली. विषय मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला.

गेल्या मंगळवारी मामींचा फोन आला. रडत होत्या, मला वाटलं, संपलं सगळं.

"आरं, बोलले!" मामी म्हणाल्या. "आज सकाळी बोलले. इतक्या महिन्यांनी. माझं नाव नाय, पोरांचं नाव नाय. पलंगाच्या पाइपावर बिल्ल्यानं दोनदा ठोकलं आन् म्हणले, 'आतला निघाला का?' सारखं तेच विचारायलेत. कोण रं हा आतला? तुला ठावं असंल म्हणून फोन लावला."