लीलाताईंच्या पोळ्या आणि बांबर्गचा नाताळ

आधी लीलाताईंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. कॅनडातल्या ग्वेल्फच्या विद्यापीठात उभा जन्म मातीवर संशोधन करून रिटायर झालेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या लीलाताई. त्या नसत्या तर २०१६ च्या डिसेंबरात दोन मुलांना घेऊन मी जर्मनीच्या विमानात बसलेच नसते. आणि बसले असते तरी तिथं जे बोलले ते बोलले नसते.

विमानतळावर सोडायलाही त्याच आल्या होत्या. बर्फ भुरभुरत होतं आणि त्या माझ्या पर्सची चेन चौथ्यांदा तपासत होत्या.

"पासपोर्ट?"

"आहेत."

"व्हिसा?"

"पासपोर्टातच चिकटवलाय हो ताई."

"धपाटे?"

"ताई, तिथं काय दुष्काळ पडलाय?"

"मी गेलेय नाताळात तिकडे. घे म्हटलं की घ्यायचं." मग मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "आणि या वेळी सांगून टाक नवऱ्याला."

मी मान हलवली. सांगणार नव्हतेच.

त्याच्या आठ वर्षं आधी इस्लामपूर सोडलं तेव्हा ईशा कडेवर होती. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "विचारायला लाजू नकोस. विचारलं नाहीस तर हरवशील." पण विचारायला शब्द लागतात, आई. माझी शाळा आठवीत सुटली. तू आजारी पडलीस, धाकटी दोघं लहान होती, आणि अण्णा म्हणाले, "यंदाचं वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी जा." ते पुढचं वर्ष आलंच नाही. अण्णांना बोल लावत नाही. त्यांना खरंच वाटत होतं की येईल.

ग्वेल्फमध्ये मी बोलण्यापेक्षा हसण्यावर जास्त भागवलं. कोणी काही म्हणालं की हसायचं, मान डोलवायची. ईशा दुसरीत असताना शाळेतून एक फॉर्म आला. मी नेहमीसारखी सही केली आणि एका चौकटीत टिक केली. सगळा वर्ग भोपळ्यांच्या शेतावर ट्रिपला गेला आणि माझी पोर दिवसभर शेजारच्या वर्गात बसली. मी 'पाठवणार नाही' या चौकटीत टिक केली होती. घरी येऊन म्हणाली, "इट्स ओके, आई." सात वर्षांची होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

हे मी फक्त लीलाताईंना सांगितलं, मंडळाच्या गणपतीत हॉलच्या मागे भांडी घासता घासता. त्यांनी ना धीर दिला ना डोळे पुसले. म्हणाल्या, "आठवी सुटली ना? मग नववीपासून धर."

गावात प्रौढांची शाळा होती. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी. घरी सांगितलं, लीलाताईंकडे पोळ्या करायला जाते. लीलाताई कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबायच्या, मला शाळेत सोडायच्या, घरी जाऊन स्वतः पोळ्या करायच्या आणि परत नेताना त्यातल्या चार माझ्या हातात ठेवायच्या, पुरावा म्हणून. त्या पोळ्या म्हणजे कुठे जाड, कुठे भोक. "माती मळायची सवय, कणकेची नाही," म्हणायच्या. दोन हिवाळे हे चाललं.

ह्यांना का नाही सांगितलं? हे नको म्हणाले नसते. पण नापास झाले असते तर दुसऱ्यांदा शाळा सोडली असती, आणि या वेळी घरच्यांच्या देखत.

हे मशीनवर काम करतात. कारखान्यात जर्मनीहून नवीन मशीन येणार होतं म्हणून ह्यांना तीन महिने तिकडे शिकायला धाडलं, बांबर्गजवळच्या एका गावात. फोनवर एकच घोष. "तुम्ही या. जुनं शहर आहे, नाताळचा बाजार भरतो, पोरं वेडी होतील." आम्ही हिशेब आपल्या सणासारखा केला. गणपती असो की दिवाळी, मुख्य दिवशी गर्दी सगळ्यात जास्त. म्हणून बरोबर चोवीस तारखेला दुपारी बांबर्गला पोहोचलो.

चौकात माणसं बाजाराच्या फळ्या उतरवत होती. दिव्यांच्या माळा गुंडाळून खोक्यात चालल्या होत्या. दुकानांची शटरं एकामागून एक खाली येत होती. तिथं सणाला माणसं घरात जातात, रस्त्यावर येत नाहीत, हे आम्हा चौघांना कोणी सांगितलं नव्हतं.

"एव्हरीथिंग इज क्लोज्ड, बाबा," धाकटा ओम म्हणाला.

"उद्या उघडेल."

"उद्या तर ख्रिसमस आहे," ईशा म्हणाली. "अँड परवा इज आल्सो हॉलिडे. आय चेक्ड."

ह्यांचं तोंड असं पडलं की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. दोन दिवस आम्ही लीलाताईंचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नदीकडच्या खिडकीत.

पण चालायला बंदी नव्हती. मी कधीच एका जागी बसू शकत नाही, त्या दिवसांत तर नाहीच. चढ चढायचा, उतरायचं, पुन्हा चढायचा. तिथं चर्चमध्ये नाताळचे देखावे मांडतात, लाकडी बाहुल्यांचे. गाई, मेंढपाळ, पाण्याची घागर घेतलेली बाई, अगदी त्यांच्याच गावातले कपडे घातलेले. एका देखाव्यात सगळं होतं, फक्त मधली गवताची गव्हाण रिकामी होती. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी घड्याळावर बोट ठेवून खुणेनं सांगितलं, बाळ संध्याकाळी. मला एकदम आमच्या घरचा चौरंग आठवला, तांदूळ पसरून मूर्तीची वाट बघणारा. परक्या गावात पहिल्यांदा थोडं निवांत वाटलं.

नाताळच्या दिवशी दुपारी आम्ही जुन्या नगरपालिकेच्या पुलावर उभे होतो. ती इमारत नदीच्या मधोमध आहे. हे मुलांना सांगत होते की बिशपनं गावकऱ्यांना जमीन दिली नाही, म्हणून त्यांनी पाण्यातच पाया घातला. मुलं पुढे पळाली तशी हे म्हणाले, "कसं वाटतंय गाव?"

"छान आहे."

"राहशील?"

मी हसले. नेहमीची सवय.

"खरंच विचारतोय. इथल्या कंपनीनं विचारलंय. कायमची नोकरी, दिवसाची पाळी. ग्वेल्फमध्ये तर दर वर्षी ले-ऑफची टांगती तलवार. एक तारखेपर्यंत कळवायचंय."

"भाषा?"

"पोरं सहा महिन्यांत शिकतील."

"आणि मी?"

"तुला काय घाई आहे? एक-दोन वर्षं जाऊ दे, मग शिक हळूहळू." आणि मग, अगदी साधेपणानं, "तसं तुझं तिथं काय आहे सोडून यायला?"

अण्णांचा आवाज ह्यांच्या तोंडून आला. मी कठडा धरला. लोखंड इतकं गार होतं की हातमोज्यातूनही झोंबलं.

"माझी शाळा आहे," मी म्हटलं.

"मुलांची म्हणतेस?"

"माझी. मंगळवार-गुरुवार. दोन वर्षं झाली. जानेवारीत इंग्रजीची परीक्षा आहे, दहावीची. मी एकदा शाळा सोडलीय. आता परत नाही सोडणार."

हे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता विचारतील की खोटं का बोललीस. त्याचं उत्तर मी विमानातच तयार केलं होतं, तीन प्रकारे. पण हे म्हणाले, "मग त्या पोळ्या?"

"लीलाताई करायच्या."

"तरीच! दोन वर्षं मी म्हणतोय, हिचा हात बिघडला कसा. गावी आईलासुद्धा फोनवर सांगितलं होतं."

"काय सांगितलंत?"

"की कॅनडाची कणीक चांगली नाही."

मी हसता हसता रडायला लागले. ईशा पळत आली. "व्हॉट हॅपन्ड?" बाबांनी सांगितलं, आई शाळेत जाते. ती म्हणाली, "आय नो. तिची वही माझ्या जुन्या बॅगेत असते." तिनं दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

ह्यांनी एक तारखेच्या आत त्या कंपनीला 'नाही' असं कळवून टाकलं. मला न विचारता. मी पास झाले, काठावर. पण हे सोपं झालं असं कोणी समजू नये. पुढच्या वर्षी ह्यांचा ले-ऑफ आला, पाच महिने हे मिसिसागाला एका वेअरहाऊसमध्ये जात होते, पहाटे निघून. तेव्हा रोज वाटायचं, त्या पुलावर मी गप्प बसले असते तर? हे कधी बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "परीक्षा कधी आहे?" आणि डबा घेऊन निघाले. आता मशीनवर परत आहेत. माझं गणित अजून राहिलंय.

इस्लामपूरच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, घर कुठलं म्हणायचं आता? मला नीट सांगता येत नाही. जिथून कोणी उठवलं तर 'थांबा, माझं काम व्हायचंय' असं म्हणता येतं, ते घर असावं. इस्लामपुरात मला तसं म्हणता आलं नाही. ते घर मी अजून स्वप्नात झाडते, पण तिथं माझं काम उरलेलं नाही. इथं आहे. तरी बर्फ पडायला लागलं की मन लागत नाही, खिडकीपाशी जाते, परत येते.

लीलाताई, तुम्ही हे वाचाल तेव्हा म्हणाल, "माझं नाव कशाला घातलंस?" तुमचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तुमची मुलं व्हँकुव्हरला. तुमच्या वाईचा घाट बघून तुम्हाला किती वर्षं झाली ते तुम्ही सांगत नाही, पण एकटीनं एवढा प्रवास होणार नाही हे मंडळात कोणाला तरी म्हणालात ते माझ्यापर्यंत आलंय. तर ऐका. गणित सुटलं की मी तुम्हाला वाईला घेऊन जाणार. तिकिटं मी काढीन, व्हीलचेअर मी सांगून ठेवीन, अडलं तिथं मी विचारीन, मोठ्यानं. तुम्ही फक्त खिडकीशी बसायचं.