तबकडीवर न आलेलं कडवं

माझ्या मामाला मूल नव्हतं आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. "पोरं काय, कुनालाबी हुत्यात," म्हणायचा. त्याच्याकडे साठ-सत्तर गाणी होती, सगळी स्वतः रचलेली, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्याचं आणि गावाचं नाव गुंफलेलं. ही रचणाऱ्यांची जुनी रीत. शेवटचं कडवं आलं की गाणं कुणाचं ते कळतं. ते गाळून गाणं म्हणणं म्हणजे उघड चोरी. एकदा एका फडातल्या गाणाऱ्यानं जत्रेत मामाचं गाणं नावाशिवाय म्हटलं. मामा चार कोस चालत त्याच्या पुढच्या जत्रेला गेला, अगदी पुढ्यात बसला आणि त्याच्याकडून शेवटचं कडवं दोनदा म्हणून घेतलं. "माज्या मागं माजं नाव कोन घेनार? ह्ये कडवंच घेनार," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही भाचेमंडळी त्याची नक्कल करायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचा पाथर्डीकडचा भाग तसाही पावसाला पारखा, पण त्या साली विहिरींचे तळ पोरांनी खेळायच्या कामाचे झाले. अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. मामा-मामीही गेले. दिवसभर ठोके घालायचे, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायची, घरी येऊन रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. त्या खडीवर बसून मामानं गाणं रचलं.

आडात सोडला दोर, दोराला लागंना पाणी,
खडीच्या ढिगाऱ्यावर बसली गावची राणी.

अशी त्याची सुरुवात. कामावर मात्र तो ते म्हणायचा नाही. धुळीत तोंड उघडलं की खोकल्याची उबळ यायची, आणि ती आली की पाच-दहा मिनिटं थांबायची नाही. घरी आल्यावर मामीला म्हणून दाखवायचा, सुट्टीला गेलो की मला. मी तेव्हा नगरला एका कचेरीत कारकुनी करत होतो. एका रविवारी तो म्हणाला, "तबकडी काडायची. आवाज हाय तवर." खर्च त्याचा त्यानंच केला. त्यासाठी काय विकलं ते मी विचारलं नाही, पण पुढच्या खेपेला मामीच्या चुलीमागची मोठी भांडी दिसली नाहीत.

पुण्यात एका गृहस्थांनी राहत्या घरातच ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. तबकडी छोटी, चार गाण्यांची. एका गाण्याला साडेतीन मिनिटं, त्यावर एक क्षण नाही. मामाच्या हाती तुणतुणं, मागे झील ओढायला, म्हणजे धृपदाला सूर धरायला, मी. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मामाला काट्यांचं काही कळत नव्हतं, म्हणून असं ठरलं की वेळ संपत आली की मी हात वर करायचा आणि मामानं आवरतं घ्यायचं.

पहिलंच गाणं खडीचं. आणि मामानं नमन सुरू केलं. गावची देवी, मढीचे नाथ, मोहट्याची देवी, सगळ्यांना एकेक करून हात जोडून झाले. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते काय, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग गाणं लागलं आणि असं लागलं की काचेपलीकडचे गृहस्थही मान हलवायला लागले. पाच कडवी झाली. सहावं, शेवटचं, राहिलं होतं. तेवढ्यात मला त्याच्या श्वासात घुरघुर ऐकू आली. ती उबळ यायच्या आधीची घुरघुर होती, मला ती पाठ होती. ही सगळी खटपट करून तबकडीवर माझ्या मामाचा खोकला जाणार, पुण्याच्या लोकांसमोर शोभा होणार, एवढंच माझ्या मनात आलं. घड्याळात अजून पाऊण मिनिट होतं. शेवटचं कडवं त्यात आरामात बसलं असतं. मी हात वर केला.

मामानं माझ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथं धृपद घेऊन गाणं संपवलं. खोकला आलाच नाही.

गृहस्थ म्हणाले, "पुन्हा घेऊ या का? नमन तेवढं गाळा, म्हणजे शेवटचं कडवं बसेल."

मामानं तुणतुणं खाली ठेवलं. "नमन करून गानं एकदा देवाला वाहिलं, सायेब. पुन्यांदा वाहायचं नसतं. आन देव गाळून माजं नाव घालू व्हय? तोंड सडंल माजं."

ही आमच्या लोकांची अक्कल. मी तेव्हा बोलायला हवं होतं, की मामा, नमनामुळं नाही, माझ्यामुळं गेलं. मी पुढच्या गाण्याच्या तयारीला लागलो. उरलेली तिन्ही गाणी नावासकट नीट झाली.

तबकडी निघाली. मधल्या गोल कागदावर मामाचं नाव छापलेलं होतं, पण कर्ण्यातून ऐकणाऱ्यांना कागद दिसत नाही. पाथर्डीच्या एका कर्णेवाल्यानं ती घेतली आणि लग्नांत, जत्रांत, तलावांच्या कामांवर लावली. बाकीची तीन गाणी कुणी ऐकली नाहीत. खडीचं गाणं मात्र वाऱ्यासारखं गेलं. बायकांनी ते जसं ऐकलं तसं उचललं, पाच कडव्यांचं. मामानं एका जत्रेत ते ऐकलं तेव्हा मी शेजारी होतो. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "गानं लई लांब गेलं, लेका. धनी न्हाई त्याला."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. छातीत धूळ साठलीय, असं डॉक्टर म्हणाले. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की नमनात वेळ गेला आणि आपलं नाव देवानं काढून घेतलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. त्याचं नाव मी इथंही लिहीत नाही. इतक्या वर्षांनी छापून काही फिटत नाही.

तेरावं झालं आणि चार दिवसांनी मामी कामावर गेली. मी तिला भेटायला तिथंच गेलो. काम आता दुसऱ्या गावाच्या हद्दीत होतं, बायका परक्या गावच्या. त्या खडीचं गाणं म्हणत होत्या. पाचवं कडवं संपलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उभ्या उभ्या सहावं म्हटलं, मामाच्या नावासकट.

एक म्हातारी हातोडा थांबवून म्हणाली, "ह्ये कुठनं जोडलंस, बाबा? जुनं गानं हाय ह्ये. आमच्या आयांपासनं हाय."

"मामी, तू सांग यांना," मी म्हणालो.

मामीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणा तेवढा, तोही कुणीतरी पढवलेला. तिनं हातोडा खाली ठेवला. मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि ते कडवं म्हणायला लागली. नावापाशी आली, अडखळली, आणि नाव घेतलं. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बायका चटकन उठल्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी तांब्या पुढं केला. "रड, माय, रड," म्हातारी म्हणाली, "मोकळी हो." नवऱ्याचं नाव असं मोठ्यानं घेणारी बाई आक्रोशच करत असणार, असं त्यांना वाटलं. ते गाणं आहे, हे त्यांच्या ध्यानीही आलं नाही.

मुकादमानं हाळी दिली तशा त्या जागेवर गेल्या आणि पहिल्यापासून म्हणायला लागल्या. मामीनं डोळे पुसले, हातोडा उचलला आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागली. पाचवं कडवं संपलं तेव्हा तीही थांबली.