पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

भीमराव ओव्हाळांना गाडीचं दुखणं बॉनेट उघडण्याआधीच कळतं, असं विश्रांतवाडीत म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नववीतून शाळा सुटली तेव्हापासून आळंदी रस्त्यावरच्या एका गॅरेजात त्यांनी फियाट आणि अँबॅसिडर खोलल्या होत्या. पुढे नव्वदनंतर नव्या गाड्या आल्या, जुन्या भंगारात गेल्या, आणि गॅरेजच्या मालकाने जागा बिल्डरला देऊन टाकली. भीमराव हडपसरच्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये लागले. निळा युनिफॉर्म, छातीवर नाव, वर्षाला एक दिवाळी भेट. तिथला पहिलाच नियम असा, की मेकॅनिकने गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक काचेपलीकडे थंडगार खोलीत बसणार, आणि त्याच्याशी बोलणार तो सर्व्हिस अॅडव्हायझर.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये निकिता नावाच्या मुलीची गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा आली. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, रोज बायपासने जाऊन-येऊन करायची. तक्रार एकच : पुढचं डावं चाक कुईं कुईं करतंय. पहिल्या वेळी ब्रेक साफ करून दिले, दुसऱ्या वेळी ब्रेक पॅड बदलले. आवाज होता तिथेच होता. तिसऱ्या वेळी गाडी भीमरावांकडे आली.

त्यांनी काच खाली करून आवारात दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक हलकेच दाबून पाहिला, आवाजात फरक नाही. बेअरिंग म्हणावं, तर ते वेगाबरोबर घुमत जातं. हा आवाज मात्र गतिरोधकावर आणि वळताना येत होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. त्यांनी गाडी उभी केली, जोडीदाराला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगितलं आणि चाकामागे हात घालून बोटं खालच्या बॉल जॉइंटवर ठेवली. चाकाचा खुबाच तो. त्याच्यावर चाक वळतं आणि त्याच्यावरच तगून राहतं. बोटांना आतली खरखर लागली. वरची रबरी टोपी फाटून पाणी शिरलं होतं, ग्रीस केव्हाच वाहून गेलं होतं. गाडी वर घेऊन पहार लावली, तर सांधा दाढ हलावी तसा हलला.

हा निखळला की चाक गाडीखाली मुडपणार, हे भीमरावांना माहीत होतं. त्यांनी गाडीच्या कामाच्या कार्डावर मराठीत लिहिलं, ‘डावा बॉल जॉइंट गेला आहे. बदलल्याशिवाय गाडी देऊ नये.’ आणि कार्ड शुभंकरच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शुभंकर तिथला अॅडव्हायझर, पंचविशीचा, बोलायला गोड. नवा जॉइंट यायला दोन दिवस लागणार होते, आणि त्या महिन्यात गाड्या वेळेवर दिल्याच्या आकड्यावर त्याची बढती ठरणार होती. त्याने सांधा ग्रीस भरून गप्प करायला सांगितला.

“साहेब, आवाज जाईल. सांधा तसाच राहील.”

“ओव्हाळ, तिची तक्रार आवाजाची आहे ना? पार्ट आला की बोलावून घेऊ तिला. तुम्ही सही करा.”

भीमरावांनी आणखी एकदा सांगून पाहिलं. शुभंकर फोनवर बोलायला लागला. मग त्यांनी ग्रीस भरलं, आणि काम झाल्याच्या छापील इंग्रजी कागदावर रोज करत तशी खाली सही केली. हात पुसताना त्यांना काचेतून निकिता दिसली. ती मासिक चाळत होती. मधे दहा पावलांचं अंतर असेल. ते दारापर्यंत गेले. आपण बावन्न वर्षांचे आहोत, मुलीचं, दीक्षाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, आणि आता आपल्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, असं सगळं त्या दारापाशी त्यांच्या मनात येऊन गेलं. ते परत फिरले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

निकिताला कुणीही बोलावून घेतलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी चांदणी चौकाच्या उतारावर डावं चाक मुडपलं आणि गाडी कठड्यावर आदळली. तिचा उजवा हात कोपरात चुरला.

चौकशीत भीमरावांचं कार्ड सापडलं नाही. सापडला तो सहीचा कागद. कामावरून काढल्याच्या पत्रासोबत त्याची प्रत घरी आली, ती दीक्षाने वाचून अर्थ सांगितला. आवाजाची तक्रार दूर केली, गाडी चालवून पाहिली, ठीक आहे.

“हे तुम्ही लिहिलंत, बाबा?”

“सही माझी आहे,” भीमराव म्हणाले.

त्या रविवारी ते निकिताचा पत्ता काढून तिच्या घरी गेले. कार्डाची, शुभंकरची, सगळी हकीकत त्यांनी सांगितली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

शेवटी तिने विचारलं, “मी काचेपलीकडेच बसले होते ना? मग मला का नाही सांगितलंत?”

तिथे बोलायची परवानगी नसते, हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनाच इतकं हलकं वाटलं, की गिळून टाकलं. चहा न घेताच ते उठले.

तिने ग्राहक मंचात दावा लावला, तेव्हा भीमराव आपणहून साक्षीला गेले. सर्व्हिस सेंटरच्या वकिलाने त्यांना फार छळलं नाही. एवढंच विचारलं, की गाडी धोकादायक आहे हे ठाऊक असताना तुम्ही सही केलीत का? भीमराव हो म्हणाले. वकील आभार मानून खाली बसला. खरं बोलायला गेलेला माणूस सर्व्हिस सेंटरच्याच कामी आला, सगळा दोष आता एका मेकॅनिकवर ढकलता येत होता. शुभंकर तोवर मॅनेजर झाला होता.

पुढे भीमरावांनी टिंगरेनगरला पत्र्याची शेड टाकली. गिऱ्हाइकाला खाली वाकवून, त्याचा हात धरून बिघाड दाखवल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं वैतागत. एकदा आलेली पुन्हा येत नसत.

दाव्याचं काय झालं ते तीन वर्षांनी दीक्षाकडून कळलं. तिच्या ऑफिसात निकिताची एक मैत्रीण होती. दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं होतं. भीमरावांना कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“हात सरळ झाला का तिचा?” त्यांनी विचारलं.

ते दीक्षाला माहीत नव्हतं.