पायविहीर वाचवायला निघालेले आम्ही

कुठलीही समिती काढली की पहिल्या महिन्यात ठराव जमतात आणि दुसऱ्या महिन्यापासून किस्से. आमच्याकडे ठराव झाले तीन. किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा टाकावा लागतो. बायको म्हणते, "प्रत्येक किश्श्यात मूर्ख तुम्हीच कसे हो?" आता सचिव मी आहे म्हटल्यावर दुसरा कोण असणार!

तर महाल भागात आमच्या गल्लीच्या टोकाला भोसल्यांच्या काळातली पायविहीर आहे. दगडी पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जाता येतं. मी पोहायला तिथेच शिकलो. तिच्या शेजारच्या प्लॉटवर बारा मजली टॉवर येणार असं कळलं, आणि खाली दोन मजली बेसमेंट. एवढं खोल खोदलं की विहिरीचे झरे तुटणार, हे समजायला इंजिनियर लागत नाही. म्हणून आम्ही सहा जणांनी समिती काढली. अध्यक्ष बापू, इतिहासाचे रिटायर्ड मास्तर. सचिव मी, रिटायर्ड हेडक्लार्क.

*

पहिल्या तीन मीटिंगा समितीच्या नावातच गेल्या. 'पायविहीर बचाव' की 'पायविहीर संवर्धन'? बापूंचं म्हणणं, 'बचाव' म्हटलं की आपण घाबरलो असं वाटतं. शेवटी चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं. एक चिठ्ठी बाद झाली आणि 'बचाव' एका मतानं निवडून आलं.

विजयाच्या आनंदात विहीर पाहायला गेलो, तर प्लॉटभोवती पत्रे ठोकून झाले होते!

बापू भडकले. "काहून गा सचिव, हे केव्हा झालं?"

"आपण चिठ्ठ्या मोजून राहिलो होतो ना बापू, तेव्हा."

*

थंडीच्या दिवसांत सरकारी पत्र आलं. वारसावास्तूंचं काम पाहणाऱ्या मॅडम पाहणीला येणार होत्या. मी म्हटलं, पाहुणे यायचे तर आपण घर आवरतो, मग विहीरही आवरू. सगळ्यांनी मिळून पायऱ्या घासल्या. माझ्याकडे दाराचा पिवळा ऑइलपेंट उरला होता. कठड्याच्या दगडांवर मीच स्वतः दोन हात मारले. एकदम चकाचक!

मॅडम आल्या, कठड्यासमोर थबकल्या. "हे कोणी केलं?"

त्यांचा चेहरा पाहून मी लगेच म्हणालो, "समाजकंटक, मॅडम! फार माजलेत इकडे."

मॅडमनी खाली बोट दाखवलं. कठड्याच्या कोपऱ्यात त्याच पिवळ्या रंगात ठळक अक्षरं होती, 'सौजन्य : पायविहीर बचाव समिती'. खाली माझं नाव, हुद्द्यासकट!

तो रंग दगडाला धक्का न लावता काढायला आम्हाला महिना लागला. बिल्डरनं त्याचे मजूर देऊ केले होते. आम्ही बाणेदारपणे नाही म्हटलं आणि नंतर कंबरेला बाम चोळत बसलो.

*

पाहणीच्या त्याच दिवशीची गोष्ट. विहिरीपासून ठरावीक अंतरात परवानगीशिवाय नवं बांधकाम करता येत नाही. हा नियम मी पाठच केला होता. "मॅडम, टेप लावाच!" मी ओरडलो. "आज सगळ्यांसमोर होऊनच जाऊ द्या!"

टेप लागला. तो बिल्डरच्या पत्र्यांपर्यंत पोचलाच नाही. त्याआधीच एका कोऱ्या भिंतीला टेकला.

"हे कोणाचं?" मॅडमनी विचारलं.

समितीतले सगळे आभाळाकडे बघायला लागले. तेवढ्यात त्या भिंतीतली खिडकी उघडली आणि आमची बायको ओरडली, "अहो, गीझर तुम्हीच चालू ठेवला ना?"

आमची नवी बाथरूम! नकाशात नसलेली.

मॅडमनी पहिली नोटीस मला काढली, दुसरी बिल्डरला. बाथरूम मी पाडली. बायको अजून त्यावर बोलते.

*

मग आम्ही धरणं धरलं. मुहूर्त बापूंनी काढला, भर मे महिन्यातली दुपारची बाराची वेळ! अर्ध्या तासात आमच्या घोषणा बंद पडल्या. बिल्डरच्या माणसानं आतून एक मोठा कूलर आणून आमच्यासमोर लावला. समितीची तातडीची बैठक भरली. घ्यावा की नाही?

बापूंनी निर्णय दिला. "हवा घ्या गा, पण त्याचे आभार मानू नका!"

धरणं एका दिवसाचं ठरलं होतं. सर्वानुमते ते तीन दिवसांचं केलं. आमच्या कोणाच्याच घरचा कूलर इतका चांगला नव्हता.

*

आणि मग सुनावणी. टॉवर होणार की विहीर राहणार, याचा निकाल तिथेच लागायचा होता.

ऑफिसात नळाला पाणी नाही, कूलर कोरडा, आणि अकराची सुनावणी दोन वाजले तरी सुरू होईना. आमच्या समितीत कुंदाताई आहेत. विहिरीला लागूनच राहतात, मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोठी कॅन आणि स्टीलचे ग्लास घेऊन आल्या होत्या. तहानलेल्याला पाजताना तो कोणत्या बाजूचा ते पाहायचं नाही, अशी त्यांची रीत. शिपाई, मॅडम, बिल्डर, बिल्डरचा वकील, सगळ्यांना त्यांनी पाणी दिलं.

सुनावणी सुरू झाली. वकील उठले आणि आमचाच अर्ज वाचायला लागले. "'सदर विहीर अतिप्राचीन असून कित्येक वर्षांपासून कोरडी व निरुपयोगी आहे.' मॅडम, खाली सचिवांची सही आहे. पाणीच नाही, तर झरे कशाचे तुटणार?"

हो, ते मीच लिहिलं होतं! मला वाटलं, जितकी निकामी, तितकी हेरिटेज. वापरातली वस्तू सरकार कशाला जपेल?

बापूंनी कपाळावर हात मारला. "बिल्डरले वकील कायले पाहिजे होता? आपला सचिव होता ना!"

मला हसू आलं नाही. ज्या विहिरीनं मला पोहायला शिकवलं, ती मी माझ्याच सहीनं बुडवली होती. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

तेवढ्यात कुंदाताई कॅन घेऊन उठल्या आणि वकिलांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, किती ग्लास झाले तुमचे?"

"तीन," वकील म्हणाले. "फार गोड पाणी आहे, ताई."

"काल सांजेले त्याच विहिरीतून भरलं, उकळलं, रातभर माठात ठेवलं," कुंदाताई म्हणाल्या. "कोरडी आहे म्हणता, मग सकाळपासून काय पिऊन राहिले तुम्ही?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आपला रिकामा ग्लास पुढे केला.

"ताई, अजून आहे?"