काचेत दिसलेला आवाज

लोक म्हणतात लूमच्या खडखडाटानं माझे कान गेले. लूमनं अर्धेच नेले. उरलेले मी माझ्या हुशारीनं घालवले.

पाच-सहा वर्षांमागची, पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. सुरतेत उधन्याच्या आमच्या कापड कारखान्यात लूम चालू झाले की शेजारचा बोंबलला तरी कळायचं नाही. म्हणून आम्ही कारागीर नुसते ओठ हलवून बोलायचो. शेठला शिव्या पण तशाच, त्याच्या तोंडासमोर. शाळा मी पाहिली नाही, पण ओठ वाचण्यात पहिला नंबर माझा.

शनिवारी गल्लीत भजन असायचं. भजन सांगणारा मी, ढोलकीवर माझा समोरच्या लूमवरचा जोडीदार. तेवढा एकच मान होता मला सगळ्या सुरतेत.

एक दिवस नदीपलीकडच्या संगीतशाळेतून गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. बरोबर कानाचा डॉक्टर आणि कॉलेजातला मशिनींचा मास्तर.

"या तिघांचं एकत्र काय काम असेल रे?" मी ओठांनीच विचारलं.

"एक गाणार, एक मोजणार, एक कान कापणार," जोडीदार म्हणाला.

लूमवर राबून वर गाणाऱ्याच्या कानाचं काय होतं, ते तिघांना मिळून शोधायचं होतं. ज्याचे कान बिघडले असतील त्याला औषध फुकट, आणि शेठशी बोलून घड्या घालायच्या खात्यात बदली, लूमपासून लांब.

माझे बिघडलेले मला माहीत होते. घरी तान्ही पोरगी रडून निळी व्हायची आणि मी शेजारी बसून भाकरी खायचो. पण बहिरा ठरलो तर भजन गेलं. बहिऱ्याच्या मागं कोण गाणार?

संगीतशाळेत माझ्या कानांना ते डबडं लावलं. शिटी ऐकू आली की बोट वर करायचं. डॉक्टर माझ्या पाठीमागं बसला. समोर तंबोऱ्यांचं काचेचं कपाट, आणि काचेत डॉक्टर सबंध. त्यानं बटण दाबलं की माझं बोट वर. दोन-तीनदा मुद्दाम चुकलो पण, संशय नको म्हणून. मग बाई हळू बोलून काय काय विचारायला लागल्या. ते तर माझं रोजचंच काम.

बाई खूश. डॉक्टरला म्हणाल्या, "आना कान तो नाना छोकरा जेवा छे." लहान पोराचे कान म्हणे! हे पण मी ओठांवरूनच वाचलं. गाण्यानंच याचे कान राखले असतील, असं म्हणत त्यांनी वहीत लिहून घेतलं.

जोडीदार गाढव. डोळे मिटून खरं खरं ऐकत बसला आणि नापास झाला. त्याची बदली झाली. शनिवारी भेटला की मी त्याला सगळ्यांदेखत "या बहिरेशेठ" म्हणायचो. तो हसायचा.

मी लूमवरच राहिलो.

दीडेक वर्षानं एका शनिवारी मी डोळे मिटून भजन सांगत होतो. डोळे उघडले तर सगळे हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत बसलेले. टाळ खाली. ढोलकी केव्हाची थांबलेली. जोडीदारानं आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "भो, बस कर आता. संपलं." चारचौघात कळू नये म्हणून. बहिरेशेठ म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

तोच मला बाईंकडं आणि डॉक्टरकडं घेऊन गेला. कपाटाची गोष्ट मी चांगली रंगवून सांगितली, हसतील म्हणून. कोणी हसलं नाही. डॉक्टरनं मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. मी शिटीची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला. तपासणी संपली होती.

"तेव्हा खरं कळलं असतं तर होतं तेवढं टिकलं असतं," डॉक्टर म्हणाला. बाईंनी वहीतल्या माझ्या पानावर आडवी रेघ मारली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

पोरगी आता शाळेत जाते. बायको सांगते, ती माझ्याशी बोलताना आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवते. तिला वाटतं, बापाशी असंच बोलायचं असतं. परवा शाळेत गाणं म्हणाली म्हणे. मी बायकोला समोर बसवून विचारलं, कशी गाते?

"तुमच्यासारखी."

आधीच्या माझ्यासारखी, की आत्ताच्या, ते विचारलं नाही.