विल्सनसाठी मागायचं राहिलं

हे आत्ताच सांगतो, उद्यापर्यंत थांबलो तर लिहिणारच न्हाई. काल दौंडच्या चर्चमधी माझ्या मित्रासाठी प्रार्थना वाचायला उभा राहिलो आन्... थांबा, आधी विल्सन कोण ते सांगतो.

सणसवाडीत एका खोलीत तीन वर्षं राहिलो आम्ही. कंपनी एक, शिफ्ट एक. मी शिरूरचा, बौद्ध. तो दौंडचा, कॅथलिक. टपरीवर उभं असताना रस्त्यानं मयताची गाडी गेली की ह्याचा चहा थांबायचा. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून काहीतरी पुटपुटायचा. मी म्हणायचो, "तुझा कोण लागत होता रे?" "कुणीच न्हाई, म्हणून तर! मेलेल्याला स्वतःसाठी काय मागता येत न्हाई, येड्या. मागायचं ते मागं राहिलेल्यांनी." मी म्हणायचो, आत्माच न्हाई तर मागतोस कुणासाठी? तो हसायचा. "तू चहा पी, गार होतोय."

गेल्या महिन्यात त्याला कावीळ झाली. सुट्टी टाकून घरी गेला, आन् अकराव्या दिवशी घरमालकाच्या फोनवर निरोप आला. सव्वीस वर्षांचा होता हो!

काल महिन्याची मिस्सा होती, म्हंजी त्याच्या नावानं चर्चमधली उपासना. त्याच्या आईनं माझ्या हातात कागद दिला. मधी एकानं विनंती वाचायची, मग सगळ्यांनी म्हणायचं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

"काकू, आम्ही आत्मा मानत न्हाई. खोटं कसं वाचू?"

"तुला कोण मान म्हणतंय? मानायला मी हाय की. तू नुस्तं वाच. तुझा आवाज त्याच्या वळखीचा हाय."

गेलो माइकपुढं. "आपला भाऊ विल्सन..." एवढं वाचलं. पुढं "ह्याच्या आत्म्याला" असं होतं. आवाजच फुटंना. न मानता वाचावं तर त्याला फसवल्यासारखं, न वाचावं तर त्याच्यासाठी मागायचंच राहतंय. लोकांना वाटलं, माझं झालं. सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

अहो, पण मी काहीच मागितलं नव्हतं! नुस्तं नाव घेतलं होतं.

खाली येऊन बाकावर बसलो. काकूंनी माझा हात धरला. "चांगलं वाचलंस, बाबा." मला त्यांना खरं सांगता आलं न्हाई.

आपला विश्वास न्हाई, तरी आपल्या माणसासाठी मागावं वाटलं, आन् तोंडातनं शब्दच आला न्हाई... तुमचं झालंय का कधी असं? मग तुम्ही काय केलं?