उडतानाचा फोटो

आई रोज सकाळी मागच्या अंगणात टांगलेल्या करवंटीत बाजरी घालते. चिमण्या येतात, पण खाताना पंख मिटून बसतात, आणि मला फोटो हवा होता उडतानाचा. म्हणून आज कॅमेरा डोळ्याला लावून मी पायाने बादली वाजवली. सगळ्या भुर्रकन उडाल्या.

फोटो सुरेख आला. मिरवत आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो निरखला.

"हिच्या चोचीतला दाणा पडतोय बघ," ती म्हणाली. "खाता खाता उठवलंस होय रे त्यांना?"

मला फक्त पंख दिसले होते. मी कॅमेऱ्याचा पट्टा उगाच गुंडाळत राहिलो.

दुपारी जेवायला बसलो, तेवढ्यात शेजारचे काका मला भेटायला आले. आई दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "बसा ना जरा, तो जेवतोय."